बाईचा घास

जेवायला बसण्याआधी ते स्टीलची ताटली घेऊन मागच्या पायरीवर येत. ताटलीत भाकरीचे छोटे तुकडे आणि त्यांवर वरणभाताचा लहानसा गोळा. एक तुकडा गाईसाठी कुंपणाच्या भिंतीवर, एक कावळ्यासाठी टाकीच्या झाकणावर, चिमूटभर मुंग्यांसाठी तुळशीच्या बुडाशी आणि उरलेला पायरीवर, मांजरीच्या वाटीत. प्रत्येक वेळी ते पुटपुटत, “ज्याचं त्याले.” मग हात धुऊन आत जात आणि दाराची कडी लागल्याचा आवाज येई. त्या घरात कडी लावायला आणि काढायला दुसरं कुणीही नव्हतं.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आपल्या घराच्या मागच्या खिडकीतून मी हे अनेक वर्षं पाहिलं. तुम्हां मुलांना ती खिडकी आठवत असेल, जिच्या गजांत पाय अडकवून तुम्ही लोंबकळायचात. रेवा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस की तुमच्या नव्या मांजराला डब्यातलं खाणं द्यावं की कच्चं मांस, आणि तुमच्याकडे यावरून कसे दोन तट पडले आहेत. मी तेव्हा काहीतरी बोलून विषय बदलला, कारण मला एकदम ती पायरी दिसली. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

आपल्या या शेजाऱ्यांना सगळी कॉलनी काकाजी म्हणत असे, मीही तेच म्हणे. वयानं आम्ही जवळपास सारखे. त्यांचं पुलगावला कापडाचं दुकान होतं. मुलगा पुण्याला नोकरीत रमला, दुकान चालवायला कुणी उरलं नाही, म्हणून ते विकून नवराबायको वर्ध्याजवळ राहायला आले. घर लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा काकू गेल्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्याकडेही तेव्हा तुमचे आजोबा नव्हते आणि तुमचे बाबा नुकतेच अमेरिकेला गेले होते. एका भिंतीच्या दोन बाजूंना एकेक माणूस, असं ते चाललं होतं.

काकाजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. लग्नाच्या वर्षीच घातलेली. माळ घातली की मांस-मासे वर्ज्य, हे तुम्हांला माहीत नसेल म्हणून सांगते. आणि माळ मरेपर्यंत गळ्यातून निघत नाही, निघू नये. देवळातल्या भजनी मंडळात ते टाळ वाजवत. कापड मोजायची सवय हातात इतकी मुरली होती की बोलतानाही वीतभर अंतर दाखवत आणि वर चार बोटं जास्त धरत. दुकानात ती चार बोटं गिऱ्हाइकाची असत म्हणे.

मांजर आली ती काकू गेल्या त्या हिवाळ्यात. कबरी, हडकुळी, एका कानाला चीर गेलेली. काकाजींनी तिला नाव दिलं नाही. नुसतं ‘बाई’ म्हणत. सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई, “बाई, उठा. बाई, दूध निवलं.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी कुणी पाहुणी आली आहे असं वाटून मी चहाचं विचारायला गेले होते.

बाईंनी एकदा खार मारून आणली आणि थेट देवघरासमोर ठेवली. काकाजींनी खारीला तुळशीपाशी पुरलं, दिवसभर जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून सगळ्या खिडक्यांना जाळी बसवून घेतली. त्यानंतर बाईंचं जग म्हणजे घर आणि मागचं बंदिस्त अंगण. जेवण तेच, जे काकाजींचं. दूधभाकरी, ताकभात, तूप लावलेली पोळी. एकादशीला भगर.

होय, मांजरीला भगर. मी हसले तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “मी उपाशी अन् ती पोळी खाऊन राह्यली, बरं दिसते का मॅडम?” मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून मी मॅडम. भजनी मंडळातली मंडळी मुद्दाम एकादशीला येत आणि वाटीशी बसलेल्या मांजरीला पाहून हात जोडत. आमची बाई माळकरी हाय, असं काकाजी सांगत तेव्हा त्यांची मान जरा ताठ होई. काकू गेल्यानंतर मी त्यांना तेवढ्याच गोष्टीचा अभिमान बाळगताना पाहिलं.

असं दोनेक वर्षं चाललं. मग बाई खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायला गेल्या आणि खाली पडल्या. काकाजी म्हणाले, वय झालं. पण मला तिचे डोळे दिसले होते. भर उन्हात मांजराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या रेघेसारख्या बारीक होतात. हिच्या रात्रीसारख्या मोठ्या, काळ्या राहत. काही दिवसांनी ती अंगणातल्या बादलीवर जाऊन आदळली. बादली नेहमीच्याच जागी होती.

आम्ही तिला भाजीच्या टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर बैल आणि शेळ्या उभ्या होत्या. शेळीवाल्या बाईनं टोपलीत डोकावून विचारलं, “हे कायले आनलं? हे तं आपुनच बरं होते.” डॉक्टर तरुण आणि समजूतदार होते. त्यांनी बॅटरीनं डोळे पाहिले, छातीला नळी लावली आणि विचारलं, हिला खायला काय देता? काकाजींनी सांगितलं. एकादशीचंही सांगितलं, जरा कौतुकानंच.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं: कुत्रा भाकरीवर जगतो, मांजर जगत नाही. तिच्या शरीराला लागणारं एक द्रव्य फक्त मांसातच असतं आणि ते तिला स्वतः बनवता येत नाही. बाहेर फिरणारी मांजर उंदीर-पाली खाऊन ते मिळवते, म्हणून घरच्या दूधभातावरही तिचं भागतं. हिला कोंडल्यामुळे ती वाटही बंद झाली. डोळे गेले ते येणार नाहीत. हृदयही दुबळं झालं आहे, पण आता मांस सुरू केलं तर ते सावरू शकेल. नाहीतर फार दिवस काढणार नाही.

परतताना रिक्षात काकाजींनी टोपली मांडीवर घेतली होती. घर येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले. “जाळी म्याच बसवली.”

डॉक्टरांनी आणखी एक सुचवलं होतं. परदेशात मांजरांसाठी तयार खाणं मिळतं, सगळी द्रव्यं घालून केलेलं. तेव्हा वर्ध्यात असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. मी तुमच्या बाबांना फोन केला. ते डिसेंबरात येणार होते, आणि आले ते सुटकेसमध्ये तुमच्या फोटोंच्या अल्बमशेजारी एक भली मोठी पिशवी घेऊन. तिच्यावर पांढऱ्याशुभ्र मांजराचं चित्र होतं आणि आत माशाच्या आकाराचे छोटे तपकिरी कुरकुरीत तुकडे.

काकाजींनी एक तुकडा तळहातावर घेऊन वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे तं बिस्कुटं हायेत,” ते म्हणाले. बाईंनी नाकानं वाटी शोधली आणि त्या असं खायला लागल्या की दाणे भरडल्याचा आवाज भिंतीपलीकडे आला. काकाजी पायरीवर बसून ऐकत राहिले. कडधान्याच्या पिठाची असतील, औषध घातलेली असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. मला ती बरी वाटली. मी स्वतः नेमकेपणाची माणूस. डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी. मोजून केलेलं, वर लिहिलेलं, हाताला वास न लावणारं ते खाणं मला मनापासून पटलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. थानाच्या काठावर छापलेलं वाचल्याशिवाय आपण कधी कापड विकलं नाही, म्हणाले. “यात काय हाय, ते वाचून सांगा मॅडम. जसं लिवलं तसं.”

मी वाचलं. मक्याचा भरडा. कोंबडीच्या मांसाची भुकटी. जनावराची चरबी. माशाची भुकटी. सगळं संपल्यावर म्हणाले, “मका तं आपल्या घरीबी होता.” मग पिशवी परत हातात घेत, “म्हंजे मांस घरात आलंच.”

मी त्यांना समजावलं. यात कापणं नाही, रक्त नाही, वास नाही. माळेला धक्का नाही. दिसायला बिस्कीटच आहे, तर बिस्कीटच समजा. तुमचे बाबाही म्हणाले, तिकडे लाखो मांजरं यावरच जगतात, नीट जगतात. ते खोटं नव्हतं. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं.

“टेरिकॉटले सुती म्हणून म्या जन्मात इकलं नाई,” ते म्हणाले. “आता देवाले इकू का? द्याचंच हाय, तं त्याच्या नावानं देऊ.”

पिशवी त्यांनी फेकली नाही. बाबांनी सातासमुद्रापलीकडून आणलेली वस्तू. ती पुरवून पुरवून वापरली. पण बाई कोरडं खाऊन पाणी पीत नसत, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की असं खाणारी मांजर पाणी प्यायली नाही तर लघवी अडते. काकाजी ते तुकडे पाण्यात भिजवत, तर बाई तोंड फिरवत. शिवाय पिशवीला बूड होतंच. नागपुरात चौकशी केली, मिळालं नाही. बाबा पुन्हा केव्हा येतील हे मलाच ठाऊक नव्हतं, त्यांना काय सांगणार? काकाजी पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, कोंबडीचं हृदय आणि थोडी कलेजी द्या, नुसत्या मांसाच्या तुकड्यांनी भागणार नाही.

मग भिंतीपलीकडे ती दुपार सुरू झाली.

मागच्या अंगणाच्या फाटकाच्या खांबाला, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, त्यांनी एक खिळा ठोकला. जेवणं उरकल्यावर, ऊन कलायला लागलं की ते खांबापाशी येत, गळ्यातली माळ दोन्ही हातांनी काढत आणि खिळ्याला अडकवत. तुळशीचे मणी सिमेंटवर आपटून खडखड असा कोरडा आवाज होई. मग सायकल काढून रस्त्यावरच्या कोंबडीच्या दुकानात जात. परत येऊन अंगणाच्या कोपऱ्यात शेगडी पेटवत, वेगळ्या भगुण्यात वाफवत, वेगळ्या सुरीनं बारीक करत. बाईंचं जेवण होईपर्यंत शेजारी बसत. मग सगळं घासून, बाहेरच्या नळाखाली डोक्यावरून अंघोळ करत आणि ओल्या अंगानं पुन्हा माळ गळ्यात घालत. पुन्हा तीच खडखड. विदर्भातली थंडी तुम्हांला सांगून कळणार नाही. पौषातही ती अंघोळ चुकली नाही.

बाईंना आता दिसत नव्हतं. पण मणी खिळ्यावर वाजले की त्या घरात असतील तिथून निघून, भिंतीला अंग घासत, बरोबर खांबाखाली येऊन बसत. काही महिन्यांत त्यांच्या अंगावर केस चमकू लागले. डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली तेव्हा काकाजींनी त्यांना नमस्कारच केला. दुकानवाला पोरगेला मुसलमान माणूस होता, तो हाक मारून सांगे, “काकाजी, दिल अलग रखा है आपके वास्ते.” हे मला काकाजींनीच हसत सांगितलं. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

मंडळातल्या कुणीतरी त्यांना तिथे पाहिलं. उघडा गळा, हातात काळी पिशवी. गाव लहान. पुढच्या एकादशीला कुणी आलं नाही. देवळात त्यांची टाळांची जोडी दुसऱ्याच्या हातात दिसली. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही, फक्त जागा द्यायला सरकेनासे झाले. मंडळातले एक म्हातारे मात्र घरी आले. ते वडनेरचे, तिथे त्यांचं शेत. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, म्हणून सगळं कानावर आलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मांजर शेतावर सोडून दे, उंदरांवर जगेल, तुझी माळ तुझ्या गळ्यात राहील.

“आंधळी हाय ती,” काकाजी म्हणाले.

“तं देव पाहीन तिचं.”

“देवानं डोळे देलते. आंधळी म्या केली. आता तिले कोनाच्या भरोशावर सोडू, भाऊ?”

म्हातारे चहा न घेताच उठले. त्यानंतर एकादशीला भिंतीपलीकडून एकट्या टाळांचा आवाज येई. जुनी जोडी होती त्यांच्याकडे, काकूंची. एका माणसाचं भजन ऐकायला विचित्र वाटतं. ओळ ते म्हणत आणि पुढची उचलायला कुणी नसे, म्हणून तीही तेच म्हणत. मध्ये एक श्वासाइतकी रिकामी जागा राही. मी खिडकीशी बसून उत्तरपत्रिका तपासत असे. मला भजन येत नाही. यायला हवं होतं असं त्या संध्याकाळी वाटे.

त्यांची भीती वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. खिळ्याला माळ अडकवता अडकवता, पाठमोरे राहूनच.

“या घंट्याभरात बलावणं आलं तं गळा उघडा राहीन, मॅडम. लोकायचं सोडा. तिले काय सांगू?” तिला म्हणजे काकूंना. दोघांनी एकाच दिवशी माळा घातल्या होत्या. “तुमचं ध्यान असते खिडकीतून. तसं काई झालं तं गळ्यात घालून देजा. सोवळं-ओवळं पाहू नका.”

मी म्हटलं, तुम्ही सायकल चालवता, मला जिना चढवत नाही. कोण कुणाला काय घालतं ते पाहू. ते हसले. पण मी ‘हो’ म्हणेपर्यंत त्यांनी सायकल काढली नाही.

मांस शिजायला लागलं की वासामुळे मी मागची खिडकी लावून घेत असे. एका माघातल्या दुपारी ती लावलेली असतानाही करपल्याचा वास घरात आला. मी खिडकी उघडली. शेगडीवरचं भगुणं काळं पडलं होतं आणि काकाजी पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. एक हात छातीवर होता. बाई त्यांच्या पायाशी, मान वर करून. मी चपला न घालताच धावले. फाटकाशी पोहोचले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यामागे खांब होता, त्याच्याकडे पाहिलं.

मी माळ काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. मणी उन्हानं तापले होते. कान आड येत होता, तो मी बोटानं बाजूला केला. मग समोरच्यांना हाक मारली, कुणीतरी जीप आणली. त्यांना उचलताना त्यांचा हात हलला. मला वाटलं माळेकडे जातोय. तो शेगडीकडे गेला. करपलं होतं ना, बाईंचं जेवण.

दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले.

संध्याकाळपर्यंत पुण्याचा मुलगा निघाल्याचा निरोप आला. मंडळातले सगळे आले. वडनेरच्या म्हाताऱ्यांनी चादर सारखी करताना गळ्यातली माळ पाहिली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकाजींच्या टाळांची जोडी स्वतः धरली आणि कॉलनीच्या वळणापर्यंत एका ओळीची पुढची ओळ उचलायला पुष्कळ आवाज होते.

मुलगा भला होता. मांजरीचं काय करायचं हे त्याला सुचेना, पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, राहू दे तिच्याच अंगणात, मी पाहीन. घराला कुलूप लागलं, फाटकाची किल्ली माझ्याकडे आली.

शिजवणं मला जमेल असं वाटलं नव्हतं, जमलं. तोंडाला पदर बांधून मी हृदयं वाफवली, वेगळ्या सुरीनं बारीक केली. पायरीवर वाटी ठेवली, तिच्यावर बोटानं वाजवलं. बाई आल्या नाहीत. त्या खांबाखाली बसल्या होत्या. वाटी तिथे नेऊन ठेवली तर वास घेतला आणि पुन्हा मान वर केली, खिळ्याच्या दिशेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. थोडं दूध प्यायल्या, तेवढंच. दुबळं हृदय, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, उपाशी राहू देऊ नका.

मी किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला लावला. कान हलला, चीर गेलेला. बाई उठल्या नाहीत. बांगडी वाजवली. नाही.

माझ्या आईची जपमाळ ट्रंकेत होती, तुळशीचीच, माझ्या हातून कधी न ओढलेली. पायरीवर वाटी भरून ठेवली आणि ती माळ घेऊन मी फाटकाशी गेले, खिळ्याला अडकवली. मणी सिमेंटवर खडखडले.

बाई उठल्या. भिंतीला अंग घासत पायरीपर्यंत गेल्या आणि वाटीत तोंड घातलं. सगळं संपवलं, वाटी चाटली. मी भांडी घासली, नळाखाली हातपाय धुतले. पण बाई जाईनात. पुन्हा खांबाखाली येऊन, पुढचे पाय जुळवून, चेहरा वर करून बसल्या. मला उशिरा कळलं. आवाज दोनदा होत असे.

मी माळ खिळ्यावरून काढली. खडखड झाली. बाई लगेच माझ्याकडे आल्या आणि माझ्या पायांचा वास घेतला. थोडा वेळ घेतला. मग वळल्या आणि कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन बसल्या.

मी माळ हातात धरून फाटकाशी उभी होते.